खुबा दुखतोय? आधी बोट कुठं जातं ते बघा

सोलापुरात खुब्याचा पेशंट बहुतेक वेळा "कंबर दुखतीय" म्हणतच आत येतो. मग कमरेचा एक्स-रे निघतो, पट्टा बांधला जातो आणि महिना वाया जातो. म्हणून मी सांगतो, "एका बोटानं दाखवा." बोट जांघेत गेलं तर संशय सांध्यावर. बाहेरच्या हाडावर गेलं तर तिथल्या कंडरांवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर. कुल्ल्यावर टेकलं तर आधी कंबर तपासायची. खुब्याचं दुखणं नुसतं गुडघ्यातही जाणवतं, हे विसरू नका. पेशंटला उताणं झोपवा, खुबा-गुडघा काटकोनात वाकवा आणि पाऊल हळूच बाहेर न्या. तेव्हा जांघेत कळ आली किंवा पाय अडला, तर गुडघ्याला मशीन लावत बसू नका.

पूर्व भागातल्या एक विडी वळणाऱ्या मावशी आल्या. दिवसभर सूप मांडीवर. उठताना बाहेरच्या बाजूला कळ, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. कुणीतरी गुडघा विरुद्ध खांद्याकडे ओढायचा ताण शिकवला होता, तो त्या न चुकता करायच्या आणि दुखणं वाढतच होतं. वाढणारच, त्या ताणात कंडरा हाडावर दाबली जाते. तो बंद केला, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी दिली, गॅसपुढं एका पायावर भार टाकून उभं राहणं थांबवलं. मग भिंतीला पाय दाबणं, नंतर झोपून कंबर उचलणं, पुढं उभ्यानं व्यायाम. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असलं तर एक पायरी मागं. याला दोन-तीन महिने लागतात, हे पेशंटला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर पंधरा दिवसांत तो सुई घ्यायला जातो.

काठी दुखऱ्या बाजूच्या हातात देऊ नका, विरुद्ध हातात द्या. सांध्यावरचा भार त्यानंच कमी होतो.

पस्तिशीतला माणूस, जांघेत दुखतंय, पूर्वी स्टिरॉइड घेतलेत किंवा दारू आहे, आणि एक्स-रे नॉर्मल? तिथं निर्धास्त होणं फार महागात पडतं. खुब्यात बसणाऱ्या मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटायला लागला असेल तर सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही. व्यायाम थांबवून एमआरआयसाठी पाठवा.

आणि पडलेल्या आजींचा पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, तर तेल लावून चोळू नका, उभंही करू नका. तसंच आडवं ठेवून ॲम्ब्युलन्स बोलवा.