वेस्ट लुलवर्थचा किनारा पायी कसा पाहावा

इंग्लंडमधील नातलगांकडे जाणाऱ्या वडोदऱ्याच्या मंडळींनी लंडनखेरीज एखादे लहान गाव पाहायचे ठरवल्यास डॉर्सेटमधील वेस्ट लुलवर्थ निवडावे. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून वूलपर्यंत थेट रेल्वे आहे. पुढे बस किंवा टॅक्सी घ्यावी.

निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्यात. कावी-कंबोईचे स्तंभेश्वर मंदिर पाण्याखाली जाताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे कारण सांगायला नको; इथली भरती खंभातच्या आखाताएवढी प्रचंड नसली, तरी कड्याखालच्या चिंचोळ्या किनाऱ्यावर माणूस अडकू शकतो.

लुलवर्थ कोव्ह ही जवळजवळ वर्तुळाकार खाडी टेकडीवरूनच पाहावी, कारण समुद्राने कठीण चुनखडीची भिंत फोडल्यावर मागची मऊ माती कशी झपाट्याने झिजत गेली आणि त्या पलीकडच्या खडूच्या डोंगराशी ती झीज कशी मंदावली, हे तिथूनच नीट उमगते. तेथून डर्डल डोर या नैसर्गिक कमानीपर्यंतची वाट दीड-एक किलोमीटरचीच, पण चांगलीच चढाची आहे. चपला चालणार नाहीत. कडे ढासळतात, म्हणून त्यांच्या पायथ्याशी बसू नये.

कोव्हच्या पूर्वेला लष्कराचे गोळीबार-क्षेत्र असून तिथली वाट बहुतेक शनिवार-रविवारी खुली असते. तरी तारखा तपासाव्यात. शेतांमधून पिवळ्या बाणांच्या पायवाटेनेच जावे आणि फाटक जसे आढळेल तसेच ठेवावे. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, तेव्हा परतीच्या गाडीची वेळ उजेडावरून ठरवू नये.