मॅशचे तापमान कसे सांभाळावे

भरडलेल्या माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून) घरी बिअर करणाऱ्या नवख्याला एक सल्ला हमखास मिळतो: दर पाच मिनिटांनी झाकण उघडून तापमान पाहावे आणि ते उतरले की गॅस पेटवावा. हा सल्ला मला साफ अमान्य आहे. मॅशचा, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून ठेवण्याचा, निकाल पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बऱ्याच अंशी लागलेला असतो; म्हणून खरी मेहनत माल्ट पाण्यात पडण्यापूर्वी करायची असते. (महाराष्ट्रात परवान्याविना मद्य तयार करणे गुन्हा आहे. हे लेखन इंग्लंड-अमेरिकेसारख्या, स्वतःपुरती बिअर घरी करण्यास मुभा असलेल्या देशांत राहणाऱ्यांसाठी आहे.)

माल्टमधील पिष्टाची साखर करणारी एन्झाइम मुख्यतः दोन. बीटा अमायलेज ६० ते ६५ अंश सेल्सिअसला जोमाने काम करते आणि यीस्टला सहज पचणारी साखर देते, तर अल्फा अमायलेजला ७० अंशांच्या आसपासची उष्णता मानवते आणि त्याने केलेली बरीचशी साखर यीस्टला पचत नाही. त्यामुळे ६४ अंशांच्या मॅशमधून हलकी, कोरडी बिअर मिळते आणि ६८ अंशांच्या मॅशमधून अंगाने भरलेली, किंचित गोडसर. पहिल्यांदा करणाऱ्याने ६६ अंश धरावे.

प्रथम थर्मामीटर तपासावा. बर्फाच्या पाण्यात तो शून्य दाखवतो एवढ्यावर विसंबू नये. भरवशाच्या दुसऱ्या थर्मामीटरशी ६५ अंशांच्या आसपास ताडून पाहावा, कारण आपले काम तिथे आहे.

आता पाणी किती तापवायचे ते. दर किलो माल्टमागे जितके लिटर पाणी घेणार, त्या आकड्याने ०.४१ ला भागावे, आलेल्या उत्तराला हवे असलेले तापमान आणि माल्टचे तापमान यांतील फरकाने गुणावे आणि गुणाकार हव्या असलेल्या तापमानात मिळवावा. ५ किलो माल्ट, १५ लिटर पाणी आणि २० अंशांचे माल्ट असेल, तर ६६ अंशांसाठी पाणी ७२.३ अंशांचे लागते. परंतु तेच माल्ट हिवाळ्यात गॅरेजमध्ये राहून ८ अंशांवर आलेले असेल, तर ७३.९ अंश लागतात. हा फरक दुर्लक्षिल्यास मॅश दीड अंशाने थंड बसतो. म्हणून माल्टमध्येही थर्मामीटर खुपसून पाहावा.

या सूत्रात भांडे कुठेच नाही, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच फसतो. मॅशसाठी वापरायचा उष्णतारोधक कूलर बॉक्स थंड असला की पाण्यातील उष्णता मुकाट्याने शोषून घेतो. यावर माझा ठाम उपाय असा, की पाणी ७७-७८ अंशांना बॉक्समध्ये ओतावे, झाकण लावून भांडे तापू द्यावे, आणि पाणी हिशेबाच्या आकड्यावर उतरल्यावरच माल्ट घालावे. माल्ट थोडे थोडे घालावे आणि हात थांबवू नये, कारण पिठल्यासारख्या गुठळ्या झाल्या तर त्यांच्या पोटात कोरडे पीठ राहते आणि बाहेरचे मोजमाप निरर्थक ठरते.

नीट ढवळून तीन-चार ठिकाणी तापमान पाहावे. कमी भरले तर घाबरण्याचे कारण नाही: ६३ अंशांवरही एन्झाइम शाबूत असतात, आणि वरील प्रमाणात दीड लिटर उकळते पाणी घालून ढवळले की ६६ गाठता येते. जास्त भरले तर मात्र एक मिनिटही दवडू नये. बीटा अमायलेज ७० अंशांवर काही मिनिटांतच निकामी होऊ लागते, आणि नंतर मॅश कितीही थंड केला तरी ते पुन्हा कामाला लागत नाही. मॅश ६९ अंशांवर गेला असेल, तर २० अंशांचे सुमारे एक लिटर पाणी ताबडतोब घालून ढवळावे. चुकायचेच असेल तर खालच्या बाजूला चुकावे.

पातेल्यात पिशवी ठेवून मॅश करणाऱ्यांनी तर गॅसला शक्यतो हातच लावू नये. आच बंद केल्यावरही तळ तापत राहतो, दाट मॅशमधून उष्णता सावकाश वर येते, आणि वर ६५ दिसत असताना तळाशी ७५ असू शकतात. लावावाच लागला, तर आच मंद ठेवून अखंड ढवळावे आणि दोन अंश अलीकडेच बंद करावा.

यानंतर झाकण लावून, वर जाड पांघरूण घालून तासभर सोडून द्यावे. अखेरीस तापमान एक-दोन अंशांनी उतरलेले आढळेल. त्यावर काही करू नये. वर्ट, म्हणजे माल्टमधून उतरलेले गोड पाणी, काढून घ्यावा, माल्टवर जास्तीत जास्त ७६ अंशांचे पाणी घालून उरलेली साखर धुऊन घ्यावी आणि सगळे उकळायला ठेवावे.