फ्लड इन्शुरन्सचं बिल वाढलंय? मग निदान या चुका टाळा

न्यू जर्सी, ह्यूस्टनकडच्या आपल्या मंडळींकडे रिन्यूअलचं पाकीट आलं की पहिला प्रश्न ठरलेला, एवढं कसं वाढलं, आमच्या घरात तर कधी पाणी शिरलंच नाही. होतं असं की सरकारी फ्लड इन्शुरन्स, म्हणजे फेमाचा (अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा) एनएफआयपी, नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्राम, आधी मुख्यतः पुराचा झोन आणि उंची बघून दर लावायचा. ऑक्टोबर २०२१ पासून नव्या पॉलिसींना आणि एप्रिल २०२२ पासून जुन्यांनाही रिस्क रेटिंग २.० ही दर ठरवायची नवी पद्धत लागली, त्यात तुमच्याच घराचा हिशोब होतो, पाणी किती लांब, पहिला मजला (अमेरिकेतला, म्हणजे आपला तळमजला) किती उंच, घर परत बांधायला किती पैसे लागतील. राहत्या घराच्या दरवाढीला वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा आहे खरी, पण ही चक्रवाढ आहे बरं का, ८०० डॉलरचे चार रिन्यूअलमध्ये १५५० होऊ शकतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वैतागून पॉलिसी सोडून देणं. जुन्या पॉलिसीवाल्यांना पूर्ण दर एकदम लागत नाही, हळूहळू चढतो, पण मुदत संपून पॉलिसी बंद पडली की ती सवलत जाऊ शकते, मग परत घ्याल तेव्हा थेट पूर्ण दर, वर पुन्हा ३० दिवसांचा वेटिंग पिरियड. खाजगी कंपनी स्वस्त कोट देते तेव्हाही हे लक्षात ठेवा, दोन वर्षांनी तिने नकार दिला तर सरकारी दारात तुम्ही नवे गिऱ्हाईक. आणि वादळाची बातमी बघून पॉलिसी घ्यायला जाऊ नका, एनएफआयपीच्या त्या ३० दिवसांसाठी वादळ थांबत नाही.

दुसरी चूक, डेक्लरेशन्स पेज, म्हणजे पॉलिसीचा तपशील असलेलं पान, न वाचता पैसे भरणं. त्या पानावर प्रायमरी रेसिडेन्स लिहिलंय का ते आधी बघा, राहतं घर असेल तर सरचार्ज २५ डॉलर, नसेल तर २५०, आणि पत्त्याचा पुरावा एजंटकडे पोचला नाही म्हणून राहत्या घरालाही २५० लागू शकतात. पहिल्या मजल्याची उंची आणि फाउंडेशनचा प्रकारही तपासा. एलेव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हेयरने दिलेला घराच्या उंचीचा दाखला, आता सक्तीचं नाही, पण त्यातली उंची तुमच्या फायद्याची निघाली तर दर उतरतो. सर्व्हेयरला पैसे देण्याआधी एजंटशी बोला. फ्लड व्हेंट्स (पुराचं पाणी आतबाहेर जाऊ देणारी भिंतीतली भोकं) बसवले किंवा फर्नेस, वॉटर हीटर पहिल्या मजल्याच्या वर नेले तरी थोडं कमी होतं.

आता बेसमेंट, आपल्या लोकांचा लाडका विषय. आईबाबा येणार म्हणून खाली खोली काढायची, कार्पेट, सोफा, मोठा टीव्ही, होम थिएटर, आणि समजायचं की सगळं कव्हर्ड आहे. नाहीये! बेसमेंटमधलं फर्नेस, वॉटर हीटर, इलेक्ट्रिक पॅनल, वॉशर, ड्रायर, फ्रीजर एवढ्यावर साधारण मिळतं, तेही वॉशर, ड्रायर, फ्रीजरसाठी कंटेंट्स कव्हर, म्हणजे सामानाचा विमा, घेतला असेल तरच. कर्ज देणाऱ्या बँकेला फक्त घराशी मतलब, त्यामुळे बरेच जण बिल्डिंगचंच घेतात, जास्तीत जास्त अडीच लाख डॉलरचं. सामानाचं वेगळं, एक लाखापर्यंत, आणि तेही जुन्या वस्तूची घसारा कापून किंमत. हॉटेलात राहायचा खर्च एनएफआयपी देत नाही. साध्या होमओनर्स पॉलिसीत पूर नसतोच, हे आयडा वादळाच्या वेळी, सप्टेंबर २०२१ मध्ये, जर्सीत बऱ्याच जणांना पाणी ओसरल्यावर कळलं.

घर घेताना विकणाऱ्याला विचारा, पॉलिसी आहे का, कारण त्याची एनएफआयपी पॉलिसी तुमच्या नावावर करून घेता येते आणि त्याची सवलतही सोबत येते. क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होतानाच्या, गडबडीत हे कुणी आपणहून सांगेल अशी आशा धरू नका. जर्सीत २०२४ पासून घराला आधी पूर लागलाय का हे विक्रेत्याला लेखी सांगावं लागतं, तो फॉर्म मागून घ्या.

आणि पाणी शिरलंच तर ओला कार्पेट फेकण्याआधी फोटो काढा, प्रत्येक वस्तूचा मॉडेल नंबर दिसेल असे, आणि तुकडा कापून ठेवा. प्रूफ ऑफ लॉस, म्हणजे नुकसानीचा तुमच्या सहीचा दावा, ६० दिवसांत द्यायचं असतं, ॲडजस्टर (नुकसान मोजायला येणारा विम्याचा माणूस) येऊन गेला म्हणजे ते काम झालं असं नाही, सही तुमची लागते.