ऑपरेशनसाठी भूल घेताना या चुका टाळा

ऑपरेशन ठरलं की सर्जनला लोक सगळं विचारतात, खर्च किती, टाके कधी काढणार, घरी कधी सोडणार, पण भूलतज्ज्ञ तपासायला आले की 'काही त्रास नाही हो' म्हणून मोकळे होतात. मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते, मनापासून सांगते, बराचसा घोळ इथंच होतो.

पहिली चूक सकाळच्या चहाची. घोटभर चहाने काय होतंय म्हणत घरचेच कप पुढे करतात, पण त्यात दूध असतं आणि दुधाला 6 तास धरतात, हलक्या नाश्त्याला पण तेवढेच, तळलेलं किंवा मटण खाल्लं असेल तर 8. साधं पाणी किंवा कोरा चहा साधारण 2 तास आधीपर्यंत चालतो, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐकायचं. कारण असं की भुलीत ठसका लागायची क्रियाच बंद पडते, पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात जातं. मेंडेलसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1946 मध्ये बाळंतपणात भूल दिलेल्या बायकांमध्ये हेच नोंदवलं होतं. चुकून काही खाल्लंच असेल तर सांगून टाका, फार तर ऑपरेशन पुढे जाईल. आणि फक्त पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणार आहेत म्हणून खाऊन येऊ नका, ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते. उलटं पण होतं बरं का, दुपारच्या ऑपरेशनसाठी लहान पोराला रात्रीपासून पाणीसुद्धा देत नाहीत, तसं करू नका, पाणी कधीपर्यंत पाजायचं ते विचारून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पूर्ण भुलीत स्नायू सैल करायचं औषध दिलं की पेशंटचा स्वतःचा श्वास थांबतो, म्हणून झोप लागल्यावर तोंडातून स्वरयंत्रामधून एक नळी श्वासनलिकेत सरकवतात. त्यासाठी तोंड नीट उघडायला हवं ना! वर्षानुवर्षं सुपारी, मावा, गुटखा खाल्ला की गाल आतून पांढरट आणि कडक होतात, तोंड एक-दोन बोटांएवढंच उघडतं. आरशासमोर आपलीच तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का बघा, नाही गेली तर आधीच सांगा. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे तरी खिशात पुडी असतेच, आणि आई शेजारी उभी असली की पोरगा 'नाही खात' म्हणतो. अशा वेळी आईला बाहेर पाठवा पण खरं बोला. आधी कळलं तर घसा बधिर करून, पेशंट जागा असतानाच दुर्बिणीने नाकातून नळी घालता येते. झोपवल्यावर कळलं तर ऑक्सिजन कमी व्हायला लागतो आणि सगळ्यांची धावपळ होते. मिश्री लावणाऱ्या बायका तर तिला तंबाखूत धरतच नाहीत, ती पण सांगायची. हलणारा दात दाखवा, कवळी काढून ठेवा.

गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या साधारण 3 दिवस आधी थांबवायला सांगतात, शुगर किंवा वजनासाठी घेतात त्या सेमाग्लुटाईडच्या इंजेक्शनाने पोट उशिरा रिकामं होतं, म्हणून तेही सांगा. रक्त पातळ करायची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, स्टेंट असेल तर ते जीवावर बेतेल.

घरात कुणाला भुलीतून बाहेर यायला फार वेळ लागला होता का, हेही आठवा. स्नायू सैल करायचं स्कोलिन नावाचं औषध शरीरात मोडायचं एन्झाइम काहींच्यात जन्मापासूनच कमी असतं, आर्य वैश्य समाजात हे जास्त दिसतं, मग श्वास परत यायला तास तास लागतात.

नळी म्हटलं की नातेवाईक व्हेंटिलेटर समजून रडायला लागतात. अहो, बहुतेक ऑपरेशनांत पेशंट शुद्धीवर येता येताच ती काढतात. नंतर एक-दोन दिवस घसा खवखवतो, आवाज बसतो, ते चालतं. पण श्वास घेताना आवाज यायला लागला किंवा दम लागला तर लगेच सांगा, आणि आवाज आठवड्याभरात सुटला नाही तर घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नळी घालायला त्रास झाला असं कुणी म्हणालं तर ते डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा आणि पुढच्या ऑपरेशनच्या वेळी तो कागद भूलतज्ज्ञांच्या हातात द्या.