प्लग-इन हायब्रिड एसयूव्हीने ट्रेलर ओढायचा असेल तर

प्लग-इन हायब्रिड म्हणजे इंजिनाबरोबर बाहेरून चार्ज होणारी बॅटरी आणि इलेक्ट्रिक मोटर असलेली गाडी. तिच्या जाहिरातीतली एकूण हॉर्सपॉवर इंजिन आणि मोटर दोन्ही पूर्ण जोर लावतात तेव्हाचीच असते. लांब चढावर बॅटरी राखीव पातळीला आली की भार मुख्यतः इंजिनावर पडतो, आणि अशा बऱ्याच गाड्यांत इंजिन वजनाच्या मानाने लहान असतं. म्हणून मॉडेल निवडताना एकट्या इंजिनाची ताकद आधी बघा.

ओढण्याची मर्यादा मॉडेलप्रमाणे खूप बदलते. ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी युरोपात फोर्ड कुगा प्लग-इनला १,२०० किलो, मित्सुबिशी आउटलँडरला १,५०० किलो, तर बीएमडब्ल्यू एक्स-५ ४५ई ला २,७०० किलोची मान्यता मिळाली. कोणत्याही गाडीच्या बाबतीत कागदपत्रांतला आणि गाडीवर लावलेल्या वजनाच्या प्लेटवरचा आकडाच खरा धरा.

बहुतेक जण फसतात ते गाडीत किती वजन चालेल या हिशेबात. बॅटरीच्या वजनामुळे त्यातला बराच वाटा आधीच गेलेला असतो. समजा ५०० किलोची मुभा आहे. हुकावर ट्रेलरचा दाब १०० किलो, टो-बार (गाडीमागे बसवलेला हुकाचा दांडा) २५, चार माणसं ३००. सामानाला उरले फक्त ७५. हुकावरचा दाब घरीच मोजता येतो: ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांना अडण लावा आणि कपलिंगखाली (ट्रेलरचा हुकात बसणारा भाग) वजनकाट्यावर हुकाच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा ठेवा. दाब फार कमी असेल तर ट्रेलर मागून डोलतो. सामान ॲक्सलच्या पुढे सरकवा.

ट्रेलरच्या वायरिंगसाठी तुमच्याच गाडीच्या मॉडेलचा मॉड्यूल (गाडीच्या यंत्रणेशी ट्रेलर जोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) घ्या. दिव्यांच्या तारा कापून जोडल्या तर ट्रेलर जोडलाय हे गाडीला कळत नाही आणि डोलणं आवरणारी यंत्रणा चालू होत नाही.

निघताना बॅटरी पूर्ण भरा, पण सपाट रस्त्यावर सेव्ह मोड (बॅटरी न वापरता राखणारी सेटिंग) लावून ती राखून ठेवा आणि चढावर खर्चा. असं केलं की माथ्यावर बॅटरीत जागा असते. ती भरलेली असेल तर उतारावर रिजनरेशन (मोटरने गाडी हळू करत बॅटरी भरणं) मंदावतं आणि जास्त ताण ब्रेक-पॅडवर येतो. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर आणखी एक तपासा: काही गाड्यांत हलक्या रिजनरेशनला ब्रेक-लाइट लागत नाही. त्या सिग्नलवर चालणारे ब्रेक तेव्हा लागत नाहीत आणि ट्रेलर गाडीला ढकलतो. अशा वेळी पेडल थोडं दाबून ब्रेक-लाइट लागल्याची खात्री करा.