बीएस-६ गाडी घाटात ओढत नाही? ईसीएमला हात लावण्याआधी हे तपासा

साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढताना बाइक दम खाते, तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागतं, चौथा तर घेतच नाही. मग कुणीतरी सांगतं, "ओटू सेन्सर काढून टाक, डुप्लिकेट सिग्नलची डबी बसव, गाडी मोकळी होईल." बीएस-६ (भारत स्टेज-६ प्रदूषण नियमांच्या) गाड्यांच्या बाबतीत हा सल्ला मुळातच चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे कळलं की खरा दोष कुठे शोधायचा तेही कळतं.

ओटू सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो. त्याचं ऐकून ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करतो ते फक्त हलक्या, एकसारख्या थ्रॉटलवर. तेव्हा हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास ठेवायचं असतं, कारण त्याच प्रमाणात सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला हाच आकडा थोडा खाली येतो. घाटात थ्रॉटल पूर्ण पिळला की ईसीएम ओटू सेन्सरकडे लक्षच देत नाही. आपल्या साठवलेल्या नकाशाप्रमाणे तो मिश्रण आधीच गडद (पेट्रोल जास्त) करतो, साधारण १२.५ ते १३ ला १. म्हणजे जिथे ताकद हवी तिथे हा सेन्सर आडवा येतच नाही. तो काढला तर बिघडतं ते रोजचं चालवणं: अॅव्हरेज पडतं, प्लग काळा पडतो, आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. आतली जाळी वितळली की सायलेन्सरच तुंबतो आणि गाडी आणखी ओढेनाशी होते. हवेच्या तापमानाच्या सेन्सरला रेझिस्टर लावून "थंडी आहे" असं ईसीएमला खोटं सांगण्याच्या युक्तीचंही हेच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ (४) नुसार मालकाने परवानगी नसलेला फेरफार केला तर प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

आधी उंचीचा हिशेब डोक्यात घ्या. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, महाबळेश्वर सुमारे १,३५० वर. वर जाताना हवाच पातळ होते, म्हणून साध्या इंजिनाची ताकद ७ टक्क्यांच्या आसपास कमी होणारच. केळघर किंवा पसरणी चढून गेल्यावर वाटणारा थोडासा जडपणा हा बिघाड नव्हे. मात्र गाडी साताऱ्यातल्या सपाट रस्त्यावरही झटके देत असेल, तर पुढे वाचा.

सुरुवात बॅटरीपासून करा, सेन्सरपासून नको. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर १२.५ ते १२.७ व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना ते १० च्या खाली गेले तर बॅटरी संपत आली. इंजिन सुरू असताना थोडा रेझ केला की १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. नंतर अर्थिंग: मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर अर्थ वायरचा बोल्ट सोडवा, पॉलिश पेपरने घासा, पुन्हा आवळा. पावसाळ्यानंतर किंवा वॉशिंग सेंटरवर जोराचं पाणी मारल्यावर सुरू झालेल्या "मिसिंग"च्या तक्रारी पुष्कळदा इथेच मिटतात. सगळी सॉकेट उघडून हिरवट गंज दिसतोय का बघा आणि काँटॅक्ट क्लीनरने साफ करा. ओटू सेन्सरच्या सॉकेटमध्ये मात्र स्प्रे, ग्रीस काहीच घालू नका. अनेक सेन्सर बाहेरची हवा वायरीच्या आतूनच घेतात, ती वाट बंद झाली की रीडिंग खोटं येतं.

आता एरवी सगळे विसरतात ती गोष्ट. इंजिन थंड असताना टप्पेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी सोडलेलं बारीक अंतर, तपासा. फीलर गेजने मोजा, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. हे अंतर कमी पडून व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा झाला तर इनटेकचा व्हॅक्यूम कमी होतो, इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर जास्त दाब दाखवतो, ईसीएमला वाटतं हवा जास्त येतेय, आणि तो पेट्रोल जास्त सोडतो. स्कॅनरवर सेन्सर बिघडल्यासारखा दिसतो, पण दोष असतो पाच मिनिटांत जुळणाऱ्या टप्पेटचा. एअर फिल्टर उन्हाकडे धरून बघा. ऊसवाहतुकीच्या हंगामात धुळीने तो ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच भरतो. प्लगचं अंतर बहुतेक गाड्यांना ०.८ ते ०.९ मिलिमीटर. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम, कोरडं काळं असेल तर मिश्रण गडद, पांढरट असेल तर पातळ.

मग स्कॅनर. बीएस-६ च्या बहुतेक गाड्यांना सीटखाली किंवा बाजूच्या पॅनेलमागे सहा पिनचं सॉकेट असतं. त्याला सोळा पिनची जोडकेबल आणि ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाईलवर कोड दिसतात. पी ०१०७ आणि ०१०८ मॅप सेन्सरचे, ०११७ आणि ०११८ इंजिन तापमानाचे, ०१२२ आणि ०१२३ थ्रॉटल पोझिशनचे, ०१३१ आणि ०१३२ ओटूचे, ०१३५ ओटूच्या हीटरचा, ०२०१ इंजेक्टरचा. कोड म्हणजे निकाल नव्हे. ०१३१ आला म्हणून लगेच नवा ओटू सेन्सर घेऊ नका, आधी चाचणी घ्या.

सर्वात सोपी चाचणी मॅपची. चावी चालू, इंजिन बंद. साताऱ्यात ९३ किलोपास्कलच्या जवळपास दाखवला पाहिजे, महाबळेश्वरच्या माथ्यावर ८६ च्या. याहून बराच वेगळा आकडा आला तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग बघा. थ्रॉटल पोझिशनला हळूहळू मूठ पिळा: आकडा शून्याजवळून वरपर्यंत सलग चढायला हवा, मध्येच उडी मारली किंवा घसरला तर त्या जागी ट्रॅक झिजलाय आणि तिथेच गाडी झटका देते. इंजेक्टर थंड असताना साधारण १० ते १४ ओहम हवा. चावी चालू करताच पंपाचा दोन-तीन सेकंदांचा "गुईं" आवाज आला पाहिजे. बहुतेक गाड्यांना पेट्रोलचा दाब सुमारे ३ बार लागतो.

ओटूसाठी गाडी दहा मिनिटं चालवून आणा, तीनेक हजार आरपीएमवर धरा आणि व्होल्ट बघा. ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत हेलकावे घ्यायला हवेत. खालीच चिकटून राहिलं तर क्षणभर थ्रॉटल झटक्यात पिळा. रीडिंग लगेच वर उसळलं तर सेन्सर ठणठणीत आहे, खरोखरच पेट्रोल कमी येतंय किंवा सायलेन्सर जिथे इंजिनला जोडतो तिथून गळती आहे. त्या जोडावर गाडी थंड असतानाच साबणाचं पाणी लावा आणि सुरू करा. बुडबुडे आले तर गॅस्केट बदला. तिथून आत शिरलेली हवा सेन्सरला "मिश्रण पातळ" असं खोटं सांगते. गॅस्केटला साधा सिलिकॉन फासू नका, त्याच्या वाफेने सेन्सर कायमचा मरतो.

थ्रॉटल बॉडी काढून साफ करायची असेल तर क्लीनर कापडावर घ्या, थेट फवारू नका, कारण तो थ्रॉटल पोझिशन सेन्सरमध्ये शिरतो. पाकळीच्या कडेचं काळं कडं पुसा, आयडलच्या हवेची वाटही मोकळी करा. रंग लावलेला स्टॉप स्क्रू कधीच फिरवू नका. नंतर मॅन्युअलप्रमाणे आयडल रीसेट करा, नाहीतर सिग्नलला गाडी बंद पडत राहील.

पेट्रोलमधल्या पाण्याकडेही बघाच. ई-२० मधलं इथेनॉल पाणी धरतं. टाकीच्या झाकणाची निचऱ्याची नळी तुंबली तर पावसाचं पाणी आत उतरतं आणि प्रमाण वाढलं की इथेनॉलसकट तळाशी वेगळं बसतं, नेमकं पंपाजवळ. काचेच्या बाटलीत पाव लिटर काढून अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर सगळी टाकी रिकामी करा.

एवढं सगळं बरोबर असूनही घाटात गाडी कमी पडत असेल तर क्लच सरकतोय का बघा: चौथ्यात चढावर थ्रॉटल दिला आणि आरपीएम वाढले पण वेग वाढला नाही, तर प्लेटा गेल्या.