नवीन फिश टँक सायकल कशी करायची (म्हणजे मासे आणण्याआधी टाकीत कामाचे बॅक्टेरिया कसे वाढवायचे), ठाणे-नवी मुंबईच्या पाण्यात

टाकी घेताना दुकानात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "पाणी भरा, दोन दिवस फिल्टर फिरवा आणि मग मासे घेऊन जा". दोन दिवसात होतं काय, तर पाण्यातला क्लोरीन उडतो, बस. मासे मारणारी गोष्ट वेगळीच असते आणि ती मासे सोडल्यावर तयार व्हायला लागते, म्हणून पहिले तीन-चार दिवस सगळं झकास दिसतं, मग आठवड्याभरात एकेक मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतो, आपण परत दुकानात, आणि तिथे हातात एक निळ्या औषधाची बाटली.

प्रकार असा आहे. मासा कल्ल्यांमधून सारखा अमोनिया सोडत असतो, त्यात त्याची शी आणि उरलेलं खाणं कुजून अजून भर. अमोनिया विषारी. एका जातीचे बॅक्टेरिया हा अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद घालवतं. मग दुसऱ्या जातीचे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. (जुन्या माहितीत या दुसऱ्या पार्टीचं नाव नायट्रोबॅक्टर दिसेल, पण १९९८ मध्ये टिमथी होव्हानेक वगैरे मंडळींनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाकीत हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो. आपल्याला काय, काम झाल्याशी मतलब.) हे बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतातच, फिल्टरचा स्पंज, खडे, काच यांना चिकटून राहतात आणि वाढतात एकदम निवांत, बाकीचे साधे बॅक्टेरिया अर्ध्या तासात दुप्पट होत असतील तर यांना अर्धा-एक दिवस सहज लागतो. सायकल करणं म्हणजे मासे यायच्या आधी ही वस्ती उभी करणं, आणि ती झाली की नाही हे फक्त टेस्ट किट सांगतो, कॅलेंडर नाही आणि पाण्याचा स्वच्छपणा तर अजिबात नाही.

टाकी दोन फूट बाय एक बाय एक घ्या, काचेचा बाऊल प्लीज नको. कागदावर ५६ लिटर होतात, खडे टाकून वर दोन बोटं जागा सोडली की ४५-५० लिटर उरतं, हिशोब ५० नेच करा. भरल्यावर सगळं मिळून ६५-७० किलो वजन होतं त्यामुळे शू रॅकवर वगैरे ठेवू नका. फिल्टर म्हणून एअर पंपवर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरे, स्वस्त आहे आणि बॅक्टेरियांना बसायला भरपूर जागा देतो. हीटर सायकलसाठी लागत नाही, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीचे काही दिवस सोडले तर पाणी २५ डिग्रीच्या वरच असतं आणि बॅक्टेरियांना तेच हवंय. पैसे वाचवून टेस्ट किटमध्ये घाला. एपीआय कंपनीचा थेंबांचा किट महाग वाटतो, आहेच, पण दोन-तीन वेळा मासे मरण्यापेक्षा स्वस्त पडतो, मित्रांमध्ये मिळून एक घेतलात तरी चालेल. पाण्यात बुडवायच्या स्ट्रिप घेणार असाल तर पाकीट नीट वाचा, बऱ्याच स्ट्रिपमध्ये अमोनियाची टेस्टच नसते.

आता पाणी. नवी मुंबई महापालिकेचं पाणी मोरबे धरणाचं, ठाण्यात भातसा, उल्हास, बारवी असं कुठून कुठून येतं, पण शेवटी सगळं साठवलेलं पावसाचं पाणी, म्हणजे सहसा मऊ. घोडबंदर रोडला किंवा जिथे सोसायटीत टँकर येतो तिथे मात्र बोअरचं पाणी मिसळलेलं असू शकतं आणि ते जड असतं, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरे थर दिसतात त्यावरून कळतं. हे का सांगतोय ते पुढे येईलच. पाणी बादलीत किंवा पिंपात एअर स्टोन लावून चोवीस तास ठेवा किंवा अँटीक्लोरचे (क्लोरीन घालवणारे) थेंब टाका. आरओचं पाणी भरू नका, त्यातले क्षार गेलेले असतात आणि बॅक्टेरियांना ते लागतात.

मासे नसताना बॅक्टेरियांना खायला अमोनिया कुठून आणायचा, याचे तीन रस्ते. एक, रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाकत राहायचं, ते कुजून अमोनिया होतो, सोपं आहे पण हळू आणि किती झालं याचा अंदाज लागत नाही. दोन, एक कच्ची कोळंबी जुन्या सॉक्समध्ये बांधून टाकीत सोडायची. काम चोख होतं पण वन बीएचकेमध्ये तिसऱ्या दिवसापासून जो वास सुटतो तो शेजारी विचारायला येतील असा असतो, आणि घरात श्रावण पाळत असतील तर हा विषय काढूच नका. तीन, अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकून पांढरा धूर काढतो तोच. माझं मत याला. फक्त कल्हईचा नवसागर शुद्ध असेलच असं नाही म्हणून लॅब केमिकल विकणाऱ्याकडून छोटी बाटली घ्या.

५० लिटरला ०.३ ग्रॅम टाकलं की अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतो. एवढंसं घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून ६ ग्रॅम घेऊन ते पाण्यात विरघळवा आणि एकूण २०० मिली करा, मग त्यातलं १० मिली म्हणजे एक पूर्ण डोस. कफ सिरपच्या झाकणावर १० मिलीची खूण असते, ते झाकण धुऊन याच कामाला ठेवून द्या. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. जास्त टाकलं तर लवकर होईल असं काही नाही, ५ पीपीएमच्या वर गेलात तर बॅक्टेरियाच मंदावतात.

टेस्ट करताना घाई नको. अमोनियासाठी किटमधल्या नळीत टाकीचं ५ मिली पाणी, पहिल्या बाटलीचे ८ थेंब, दुसरीचे ८, बाटली सरळ उलटी धरायची म्हणजे थेंब सारखे पडतात, मग नळी हलवून पाच मिनिटं ठेवायची. मग नळी पांढऱ्या कार्डाला टेकवून खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघा, पिवळ्या बल्बखाली शून्याचा पिवळा आणि ०.२५ चा हिरवट यात फरकच कळत नाही आणि माणूस उगाच आठवडाभर हैराण होतो. नायट्राइट फिका निळा असेल तर शून्य, जांभळा होत गेला तर वाढतंय. नायट्रेटची दुसरी बाटली तळाला साका धरते, ती अर्धा मिनिट जोरात हलवा, टेबलावर आपटलीत तरी चालेल, थेंब टाकल्यावर नळीही मिनिटभर हलवा, नाहीतर नायट्रेट असून शून्य दाखवेल.

पहिला आठवडा काहीच होत नाही. अमोनिया २ वर ढिम्म बसलेला असतो, फार तर पाणी दुधासारखं गढूळ होतं, ते वेगळे बॅक्टेरिया असतात, आपोआप जातात, घाबरून पाणी ओतून देऊ नका. मग एक दिवस नायट्राइट दिसायला लागतं आणि अमोनिया उतरायला लागतो. अमोनिया ०.५ च्या खाली आला की अर्धा डोस, म्हणजे ५ मिली, आणि असंच दर दोन-तीन दिवसांनी. यानंतरचा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा, अमोनिया दिवसात गायब होतोय पण नायट्राइट गडद जांभळ्यावर अडकलेलं, इथेच बरेच जण वैतागून मासे आणतात. रंग किटच्या शेवटच्या पट्टीला भिडला असेल तर अर्धं पाणी बदला, बॅक्टेरिया स्पंजवर बसलेत, पाण्याबरोबर जात नाहीत.

आणि इथेच मऊ पाण्याचा घोळ येतो. बॅक्टेरिया अमोनिया खाताना पाण्यातला क्षारपणा, म्हणजे केएच, वापरतात, २ पीपीएमच्या प्रत्येक डोसला अर्ध्या डिग्रीहून जास्त. धरणाच्या पाण्यात मुळात केएच कमी, त्यामुळे काही डोसनंतर तो संपतो, पीएच साडेसहाच्या खाली घसरतो आणि सगळं जागच्या जागी थांबतं. आकडे अनेक दिवस हलत नसतील तर आधी पीएच बघा. उपाय स्वयंपाकघरात आहे, खायचा सोडा पाव छोटा चमचा ग्लासभर पाण्यात विरघळवून टाकीत, ५० लिटरला केएच जवळपास एक डिग्री वाढतो. दुसऱ्या दिवशी परत पाव चमचा. बेकिंग पावडर वेगळी, ती नको.

टँकरच्या जड पाण्याला हा त्रास नाही, पण तिथे उलटा धोका आहे. किट दाखवतो तो एकूण अमोनिया, त्यातला विषारी भाग पीएचवर ठरतो. २८ डिग्रीला पीएच ७ असेल तर एक टक्क्याहून कमी, पीएच ८ असेल तर सहा-सात टक्के. म्हणजे किटवर तोच आकडा, पण मासे असतील तर त्रास जवळपास दहापट.

घाई असेल तर खरा शॉर्टकट एकच, कुणाच्या तरी निदान काही महिने निरोगी चाललेल्या टाकीतला स्पंज. हे सरळ विरजण आहे. तो स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात ओला ठेवून पिशवीतून आणा, ऐरोली ते कळवा एवढ्या अंतरात काही बिघडत नाही, फक्त वाळू देऊ नका आणि उन्हात ठेवू नका. आपल्या टाकीत नवीन स्पंजवर पिळायचा, चॉकलेटी गढूळ पाणी पसरतं, बघून वाटतं टाकी घाण केली, राहू दे, तासा-दोन तासात बसतं. जुना स्पंजही तिथेच कोपऱ्यात ठेवून द्या. क्लोरीन आधी गेलेला हवा. आजारी मासे असलेल्या टाकीतून मात्र घेऊ नका, सोबत रोग पण येतो. अशा स्पंजने चार-पाच आठवड्यांचं काम एक-दीड आठवड्यावर येऊ शकतं, तरी टेस्ट चुकवायची नाही.

बाटलीतले बॅक्टेरिया? काही चालतात, काही नाही. खरे नायट्रिफाइंग बॅक्टेरिया बीजाणू (वाळूनही टिकणारं रूप) करत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं टिकणारी पावडर किंवा लेबल नसलेली सुटी बाटली असेल तर त्यात बहुतेक दुसरेच काहीतरी असतात. घेतलीत तर नुकसान नाही, भरवसा ठेवू नका.

बाल्कनीतल्या मनी प्लांटची एक फांदी मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशी टाकीच्या कडेला अडकवून द्या, फुकटात अमोनिया-नायट्रेट शोषतो. निळी बाटली म्हणजे बहुतेक वेळा मेथिलिन ब्लू, ते सायकल चालू असताना अजिबात टाकू नका, आपण पाळतोय त्याच बॅक्टेरियांना ते मारक आहे. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीच्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा. लाइट गेली तर तासाभराने काही होत नाही, पण मेंटेनन्सला दिवसभर जाणार असेल तर सेलवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा, बॅक्टेरियांनाही ऑक्सिजन लागतो.

मासे आधीच आणले असतील तर परत करता आले तर करा, नाहीतर असं करा. खाणं दिवसाआड आणि अगदी थोडं, टेस्ट रोज, अमोनिया किंवा नायट्राइट ०.५ दिसलं की त्याच दिवशी ३० ते ५० टक्के पाणी बदला, क्लोरीन काढलेल्या पाण्याने. नायट्राइट दिसत असताना ५० लिटरला एक छोटा चमचा साधं मीठ विरघळवून टाका, त्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. गोल्डफिश असेल तर हे सगळं दुप्पट कठीण, तो घाणच इतकी करतो.

सायकल पूर्ण कधी म्हणायची, तर पूर्ण २ पीपीएमचा डोस टाकल्यावर चोवीस तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य आणि नायट्रेट चांगला लाल, म्हणजे भरपूर. लागोपाठ दोनदा असं आलं की ६०-७० टक्के पाणी बदला, म्हणजे साठलेलं नायट्रेट उतरेल, आणि दुसऱ्याच दिवशी मासे आणा, जास्त दिवस टाकी उपाशी ठेवायची नाही. यायला उशीर होणार असेल तर अर्धा डोस चालू ठेवा. सुरुवात पाच-सहा झेब्रा डॅनियो किंवा गप्पींनी, पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवून, आणि पिशवीतलं पाणी टाकीत न ओतता फक्त मासे जाळीने सोडायचे. पहिले दोन आठवडे दर दोन दिवसांनी टेस्ट करा, शून्य-शून्य टिकलं तरच पुढचे मासे.